कोमट

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. हिंडलगा

ही डायरी पोलादाच्या व्यापाऱ्यानं जानेवारीत दिली होती. आतापर्यंत तिच्यावर चहाचा पेला ठेवत आलो. आज ऋचा म्हणाली, "अण्णा, पाटीचं जे जे ठरेल ते लिहून ठेवत जा. नंतर कुणालाच आठवत नाही." ऑफिसचं ऑफिसच्या वहीत लिहिलं. उरलेलं इथं लिहावं म्हटलं.

पाटी म्हणजे आमचं यंत्र. हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर. मध्ये सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या जॉयस्टिक. ऋचा टिळकवाडीची, वय एकोणतीस. बेंगळुरात शिकली, नोकरी केली आणि परत येऊन उद्यमबागेत शेड भाड्यानं घेतली. मी प्रेमानंद, वय चव्वेचाळीस, डाय-पॉलिशर. प्लास्टिकचा भाग ज्या पोलादी साच्यातून निघतो त्याला आम्ही डाय म्हणतो. ती आतून ग्राइंडरनं आणि पॉलिशच्या कागदानं घासायचं काम मी बावीस वर्षं केलं. डोळे मिटून बोट फिरवलं की चारशे नंबरचा कागद मारलाय की सहाशेचा, ते सांगायचो. त्याच जोरावर ऋचानं मला घेतलं. येईल त्याला सांगते, "अण्णांची बोटं हीच आमची लॅब."

बापूंना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले. रडू आलं नाही. निपाणीत लोक म्हणाले, देवाप्पाचा पोरगा धीराचा आहे. धीर वगैरे काही नाही. काही वाटलंच नाही, एवढंच.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज समोरच्या आवरणाचं प्लास्टिक ठरलं. तीन नमुने होते. पहिलं स्वस्त, पण दाबलं की करकरतं. दुसऱ्यात काचेचे तंतू, मजबूत, पण कडेला पांढरट रेघा उमटतात. तिसरं मधलं. मधलं घेतलं. रंग राखाडी. ऋचाला हिरवा हवा होता, पण हिरव्यावर घामाचे डाग दिसतात.

मग पृष्ठभाग. एका पट्टीवर बारा चौकोन, प्रत्येकाचा खरखरीतपणा वेगळा. एक अगदी काचेसारखा, बारा नंबर वाळूसारखा. हात घामेजला तरी पाटी निसटू नये आणि तासभर खेळून कातडीही सोलू नये, असा एक निवडायचा. मी पट्टी खिडकीपाशी नेली. तिरक्या उजेडात प्रत्येक चौकोनाची चमक कशी मोडते ते बघितलं, वर बोट फिरवलं आणि म्हटलं, "सात."

"एवढ्यात?" ऋचा म्हणाली.

"बावीस वर्षं लागली की एवढ्यात व्हायला."

ती हसली. सात नंबर वहीत गेला. उजेड चांगला असला की काम लवकर होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

स्क्रू फारच बारीक निवडलेत. आज चार पडले, दोन सापडलेच नाहीत. ऋचाला म्हटलं, एक साईज मोठे घेऊ, गिऱ्हाइकाला घरी उघडायला सोपं जाईल. तिला ते पटलं. मोठे घेणार.

१७ ऑगस्ट, रविवार. निपाणी

काल संध्याकाळच्या बसनं घरी आलो. आठवडाभर हिंडलग्याच्या खोलीवर एकटाच असतो, त्यामुळं घरी आलं की सगळी जरा जास्तच बोलतात असं वाटतं.

बायको, माधवी, सकाळी म्हणाली, "शर्ट का घालीनासे झालाय तुम्ही? सारखं ते टी-शर्टच." तिला सांगितलं, शेडमध्ये उकडतं. तिनं कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि बटणं स्वतःच लावून दिली, लहान पोराला लावावीत तशी. मी उभा राहिलो.

आई लसूण सोलत बसली होती. तिनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या, आता बंद केल्या. तिच्यासमोर बसून मीही चार पाकळ्या सोलायला घेतल्या. बोलता बोलता ती माझ्या हाताकडं बघत राहिली. "काय गं?" म्हटलं. "काय न्हाय," म्हणाली आणि पाकळ्यांची वाटी माझ्यासमोरून उचलून नेली.

२० ऑगस्ट, बुधवार

आज महत्त्वाचं काम. पाटीची पाठ प्लास्टिकची करायची की अ‍ॅल्युमिनियमची.

ऋचाला अ‍ॅल्युमिनियम हवं. दीड मिलिमीटरचा पत्रा, कडा गोल, हातात घेताच गार लागतो. तिचं म्हणणं, दुकानात माणूस पहिल्यांदा जे हातात धरतो त्यावरच ठरतं. आतली उष्णता बाहेर टाकायलाही धातू बरा. मला धोका दिसत होता. धातू उष्णता बाहेर टाकतो म्हणजे धरणाऱ्याच्या हातावर टाकतो. तिनं दोन जागी तापमान मोजायच्या तारा चिकटवल्या, दोन्ही पंख्याच्या जाळीजवळ. बाकीची पाठ हातानं तपासायची होती. ती स्वतः पाच-दहा मिनिटं धरून बघते आणि मग तिला फोन येतो. तासभर धरायचं काम माझं.

सगळ्यात जड गेम लावून एक तास धरली. दर दहा मिनिटांनी बोटांची जागा बदलली, पाठभर उजवा हात फिरवला. तारांचा आकडा बेचाळीसच्या वर गेला नाही. वहीत लिहिलं: पाठ, एक तास, पूर्ण भार, कोमट. खाली सही केली. सही जरा वाकडी आली.

ऋचा म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना अण्णा, मग झालं. पाठीच्या पत्र्याप्रमाणं डायमध्ये खाच घेऊ."

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी दात घासताना बघितलं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला फोड आलाय. पाण्यानं टम्म भरलेला. कधी आला कळलं नाही. काल गाडी लावताना सायलेन्सरला हात लागला असेल. दुखत नाही, त्यामुळं काही केलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

बटणांच्या टोप्यांवर दिवस गेला. खोलगट करायच्या की फुगीर. ऋचानं चार पोरांना बोलावून खेळायला लावलं. सगळ्यांनी किंचित फुगीर पसंत केल्या. मी दोन्ही दाबून बघितल्या. मला आवाजावरून ठरवता आलं: फुगीर टोपी टक् करते, खोलगट टप् करते. टक् बरं वाटलं.

डाय कापणारा रवळू येळ्ळूरहून येतो. त्यानं विचारलं, "अण्णा, एक तारखेला ब्लॉक मशीनवर चढवू न्हवं? समदं ठरलंय न्हवं?" ठरलंय म्हटलं. पोलाद एकदा कापलं की परत लावता येत नाही. वेल्डिंग करून भरता येतं, पण तो व्रण प्रत्येक पाटीवर उमटतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पहाटे उजवा हात झोपलेला असतो. झटकला की मुंग्या येतात, मग बरा होतो. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचा. आता कधी कधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. शेडमध्ये माझं काय आहे? इंग्रजी धड नाही, कॉम्प्युटरवर चित्र काढता येत नाही, डिप्लोमाही अर्धाच. बोटं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उद्यापासून गणपतीची सुट्टी. सकाळपासून बाजारात गर्दी.

३१ ऑगस्ट, रविवार. निपाणी

हे सविस्तर लिहितो.

ऋचानं सुट्टीआधी मंगळवारी पाटी माझ्याजवळ दिली. म्हणाली, घरच्यांना खेळू दे, सोमवारी डाय कापायच्या आधी नवीन माणसाचा हात लागलेला बरा. मी ती घरी आणली. पारमिता, माझी मुलगी, आठवीत आहे. तिनं सकाळी खेळायला मागितली. माधवी म्हणाली, आधी आंघोळ. म्हणून मी गेम आपोआप चालत राहील असा लावून पाटी चार्जरला जोडून टेबलावर ठेवली. तासभर तशीच चालली.

पारमिता न्हाऊन यायच्या आत आईनं ती उचलली. दोन्ही हातांनी, मागून बोटं लावून, शिकवल्यासारखी. "बरं केलंया," म्हणाली. "बिडीच्या सुपावानी हाय. हातात बसतंय." पाच मिनिटं पडद्यावरची माणसं पळताना बघत बसली. मग माझ्याकडं दिली. मीही धरली. ऋचाला सांगायचो तसं मोठ्यानं म्हटलं, "कोमट."

पारमिता ओले केस बांधत आली आणि माझ्या हातातून पाटी घेतली.

"आई गं!" तिनं ती गादीवर टाकून दिली. "पप्पा, भाजतंय की हे! कसं काय धरलंय तुम्ही?"

ती बोटं तोंडात घालून उभी राहिली. माधवीनं पाठीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मी पुन्हा हात लावला. मला कोमटसुद्धा लागत नव्हतं. खरं तर काहीच लागत नव्हतं. मग आईकडं बघितलं. तीही माझ्याकडंच बघत होती. माधवी पोरीला नळाखाली हात धरायला घेऊन गेली. आम्ही दोघंच राहिलो.

"तुझी पण गेली व्हय रं?" आई म्हणाली.

मी गादीवरची पाटी बंद केली.

"त्या दिशी लसूण सोलताना कळलंतं मला. तू हाताकडं बघत हुतास. बिडी वळणारी बाई हाताकडं कवा बघत न्हाय. गप्पा मारती, दाराकडं बघती, भांडती, पर हात आपला आपलं काम करतोय. जी हाताकडं बघाया लागली, तिची बोटं गेली म्हणायचं. मी दोन वरसं बघून वळली."

"मला कधी कळलं नाही."

"कुणालाच कळू दिलं न्हाय मी. कारखान्यातनं काढतील म्हणून. माझ्या वाईट बिड्या लई निघाया लागल्या. शेजारी मालूबाई बसायची, तिनं वळखलं. बोलली न्हाय. माझ्या सुपातल्या वाईट बिड्या आपल्या सुपात घ्यायची, आपल्या चांगल्या माझ्यात टाकायची. एक दिस बिड्या तपासनाऱ्या चेकरनं तिच्याच अर्ध्या वाईट म्हणून छाटल्या. समद्यांच्या म्होरं बोलला तिला. तवा मी उठून सांगितलं, तिच्या न्हायत, माझ्या हायत म्हणून."

"मग काढलं?"

"न्हाय. जुड्या बांधाया बसवलं. पर काढलं असतं तरी सांगितलंच असतं. तुझ्या कामात मालूबाई कोन हाय?"

मी मधलं बोट बघितलं. फोड फुटून कातडी वाळली होती. गाडीचा सायलेन्सर उजव्या बाजूला आहे आणि मी गाडी डावीकडून ढकलून लावतो, हे आत्ता लक्षात आलं. फोड पाटीच्या पाठीनंच आला होता.

मालूबाई म्हणजे ऋचा. माझी वाईट बिडी तिच्या सुपात पडणार होती.

१ सप्टेंबर, सोमवार

पहिल्या बसनं निघालो. शेडमध्ये आठला पोचलो तर रवळूनं ब्लॉक मशीनवर आवळला होता आणि हत्यार लावत होता.

"लावू, अण्णा?"

"थांब."

"आता काय? परवा ठरलंय म्हणालतासा."

"बेड म्हटलं ना," मी ओरडलो, 'नको' कानडीतून का आलं कुणास ठाऊक. त्यानं हात वर केले आणि बाजूला झाला.

ऋचा साडेआठला आली. तिला सांगितलं की पाठ भाजते, माझ्या मुलीचं बोट भाजलं, आणि मला ते कळलं नाही कारण माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना काही कळत नाही. वर्षभर झालं असेल. तिला ते खरं वाटेना. "अण्णा, झोप झाली नाही का तुमची?" म्हणाली.

मी बारा चौकोनांचे सुटे नमुने मागवले, खुर्चीवर बसलो आणि डोळे मिटले. म्हटलं, कुठलाही दे.

तिनं एक बोटांत दिला. मी चोळून बघितला. "कळत नाही."

दुसरा दिला. "कळत नाही."

तिसऱ्या वेळी थोडा वेळ गेला. मी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं आणि वाटलं, हा गुळगुळीत आहे, निदान हा तरी कळतोय. म्हटलं, "एक नंबर. नाहीतर दोन."

"अण्णा," ती हळू म्हणाली, "मी अजून काहीच दिलेलं नाहीये."

डोळे उघडले तर तिचा हात हवेत होता आणि त्यात नमुना होता. रवळू मान खाली घालून पुसायच्या कापडाशी चाळा करत होता.

ती चिडली. चिडायलाच हवी होती. "तुम्ही सही केलीत अण्णा. कोमट लिहून खाली सही केलीत. आज कापलं असतं तर?" ती आत जाऊन बसली, दार लावून घेतलं. मी ब्लॉकजवळ स्टूल घेऊन बसलो. जा म्हणेल तेव्हा जायचं ठरवलं होतं. आश्चर्य म्हणजे भीती वाटत नव्हती. तेही बोटांसारखंच झालं असावं.

दुपारी ती बाहेर आली. पाठीवर आठ ठिकाणी तारा चिकटवल्या आणि तासभर गेम लावला. उजव्या हाताचं मधलं बोट टेकतं त्या जागी त्रेपन्न अंश. जाळीजवळ बेचाळीसच.

आकड्याकडं बघत ती म्हणाली, "दोनच तारा लावल्या मी. उरलेलं सगळं एका माणसाच्या बोटांवर सोडलं आणि वर सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले." मग म्हणाली, "डॉक्टरकडे कधी गेलात?"

गेलोच नव्हतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरनं हाताला तारा लावल्या. पाटीच्या पाठीला लावल्या तशाच. मनगटात शीर दबलीय म्हणाला, वर बावीस वर्षं ग्राइंडरची थरथर. ऑपरेशन करून दाब काढता येईल. किती परत येईल ते सांगता येत नाही. अर्धं आलं तरी पुष्कळ समजा.

आईलाही घेऊन या म्हणाला. आईला फोन केला. "माझं आता काय करतंय," म्हणाली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाटीची पाठ आता प्लास्टिकची. काचेचे तंतू असलेलं तेच, जे आधी नाकारलं होतं. आत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पण पाठीपासून दोन मिलिमीटर लांब, मधून हवा जाते. बोटं टेकतात तिथं बारीक उभ्या कडा, म्हणजे कातडी सपाट चिकटत नाही. वजन अकरा ग्रॅमनी वाढलं. गार लागत नाही. ऋचाला तो गारवा हवा होता, तिनं तो सोडून दिला.

कडांची उंची मी ठरवली, डोळ्यांनी. उजेडात सावली मोजून. या वेळी वहीत तसंच लिहिलं: बघून ठरवली, हात लावून नाही. खाली ऋचानं वीस जणांची नावं लिहिली, ज्यांनी तासभर धरून बघितलं. सही तिची.

रवळूनं दुपारी कापायला घेतलं. मी जवळ उभा राहिलो. पोलादाचा कीस निळा होऊन पडत होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

उद्या ऑपरेशन. हे शेवटचं उजव्या हातानं.

१९ ऑक्टोबर, रविवार. निपाणी

डाव्या हातानं लिहितोय. वाचता येईल न येईल.

टाके कधीच निघालेत. डॉक्टर घाई करू नका म्हणतो. मधल्या बोटाच्या कडेला मुंग्या येतात, कधी सुई टोचल्यासारखं होतं. अंगठ्याला अजून काही नाही. ऋचानं डायमधून निघालेली पहिली पाठ बसवून पाटी पाठवली. पारमितानं तासभर खेळून परत दिली आणि म्हणाली, "आता चालतंय."

सकाळी स्वयंपाकघरात आईनं चहा ओतला. बापूंचा स्टीलचा पेला होता, तोच माझ्यासमोर आला. मी उजव्या हातानं उचलला आणि लगेच खाली ठेवला. थोडा चहा सांडला.

भाजलं होतं. मधल्या बोटाच्या एका बाजूला, गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत, पण भाजलं होतं.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"भाजलं."

"फुंकर मार," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसली. "भाजलं व्हय? बरं झालं."

तिनं माझ्यासमोरचा पेला उचलला, मी मघाशी ठेवला तोच, दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि दाराकडं बघत सावकाश चहा प्यायली. पेल्यातून वाफ येत होती. तिला काही लागलं नाही.

मग मला रडू आलं. बापूंसाठी की आईच्या हातांसाठी ते कळलं नाही, पण थांबेना. आईला वाटलं बोट दुखतंय. ती म्हणाली, दुखू दे.